राजगड ते तोरणा, भर आषाढात: भिजायचं, पण गारठायचं नाही

पावसाळी ट्रेकबद्दल पुण्यात दोन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं, 'आपल्याकडे कसली आलीय थंडी, ती हिमालयात.' दुसरं, 'पावसात डोंगरधारेवर जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.' दुसरं मत निदान जीव तरी वाचवतं. पहिलं जास्त धोक्याचं, कारण ते पटण्यासारखं आहे.

जरा हिशेब करू. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, तोरणा १४०३ मीटरवर. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होत जाते. म्हणजे जुलैतल्या सकाळी पुण्यात २२ अंश असतील, तर तोरण्यावर १७ च्या आसपास. सतरा अंशांत कोरड्या कपड्यांत आपण आरामात चहा पितो. पण तेच सतरा अंश, अंगाला चिकटलेला ओला कपडा, अरबी समुद्रावरून येऊन सरळ धारेवर आदळणारा वारा आणि आठ तासांची चाल, हे सगळं एकत्र आलं की चित्र बदलतं. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. शरीराच्या आतलं तापमान ३७ वरून ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला डॉक्टर हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही.

सिंहगड-राजगड-तोरणा ही पुणेकरांची लाडकी लांब वाट, बोलीभाषेत 'एसआरटी'. पहिल्या दिवशी सिंहगडाच्या कल्याण दरवाजातून उतरून विंझरच्या बाजूने गुंजवण्यात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी राजगड चढून, डोंगरधारेने तोरणा गाठून वेल्ह्यात उतरायचं, असा धोपट बेत असतो. खरी परीक्षा घेतो तो दुसरा दिवस, आणि हा लेख त्या एका दिवसाचा आहे. पावसात बारा तास चालताना भिजणं टळत नाही, मग रेनकोट कितीही महागाचा असो. गारठणं मात्र टाळता येतं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

दोन दिवस आधी: जायचं का?

हवामान खात्याचा इशारा पाहताना 'पुणे' एवढंच पाहून थांबू नका. खातं पुण्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतं, तो पाहा. शहरात वर्षाकाठी सात-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, वेल्ह्याकडे त्याच्या कितीतरी पट. कोथरूडच्या गच्चीवरून आभाळ पाहून तोरण्याचा अंदाज बांधणं निरर्थक आहे.

खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. लाल इशारा असेल तर चर्चाच नको. नारिंगी असेल तर माझ्या मते ही धार करू नये; नुसता राजगड गुंजवण्यातून वर-खाली करायलाही दोनदा विचार करावा. पिवळ्यात जाता येतं, पण आधीचे तीन दिवस कसे गेले ते पाहून. सलग झड लागली असेल तर माती पाण्याने तुडुंब असते आणि थोड्या पावसातही दरड सुटते. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं, ते याच जिल्ह्यात आणि अशाच सलग पावसात.

आणखी दोन चौकश्या करायच्या. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात काही ठिकाणी बंदी आदेश काढतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर हे आदेश कडक झाले. तुमच्या तारखेला काय लागू आहे ते बघा. दुसरं, राजगडावर रात्री राहू देतात की नाही ते आधी विचारून घ्या. परवानगी असली तरी पावसाळ्यात मी गुंजवण्यातलाच मुक्काम पसंत करेन. गडावरच्या मंदिरात ओल्या फरशीवर कुडकुडण्यापेक्षा गावात चूल असते, कोरडा सोपा असतो, गरम भाकरी मिळते आणि सकाळी खरी माहिती मिळते.

माणसं किती? चार तरी हवीत. एकाला काही झालं तर एक त्याच्यापाशी थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात, हा साधा हिशेब. दहाच्या वर मात्र नकोत. वीस जणांच्या गटात प्रत्येक कातळावर रांग लागते, रांगेत उभं राहावं लागतं, आणि पावसात सगळ्यात वाईट काय असेल तर ते उभं राहणं.

अंगावर काय घालायचं

सुती कपडा घरी ठेवा. जीन्स तर बिलकुल नको. ती दोन किलोची होते आणि दिवसभर सुकत नाही. आत अंगाला बसणारा, सिंथेटिक, लवकर सुकणारा टी-शर्ट आणि तशीच ट्रॅक पॅन्ट. त्यावर रेनकोट.

रेनकोटाबद्दल एक गैरसमज दूर करतो. तो तुम्हाला कोरडं ठेवण्यासाठी नाहीच. राजगडाच्या चढणीवर रेनकोटच्या आत घामाने तुम्ही तेवढेच भिजणार आहात. त्याचं खरं काम वारा अडवणं. या कामाला रस्त्यावर मिळणारा दुचाकीचा साधा रेनकोटही चालतो, फक्त टोपीला दोरी हवी आणि चेन शाबूत हवी. पोंचो मात्र धारेवर नको. वाऱ्यात तो फुगतो, तोंडावर येतो आणि आपलं पाऊल कुठे पडतंय तेच दिसत नाही. छत्री गुंजवण्यापर्यंतच्या रस्त्यासाठी छान.

मावळात भात लावणाऱ्या बायका डोक्यावर इरलं घेतात, ते कधी नीट पाहिलंय? पाठ पूर्ण झाकलेली, दोन्ही हात मोकळे, आणि खालून हवा खेळती. धनगराची घोंगडी आपल्या जागी तितकीच शहाणी, कारण लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. सॅकमध्ये घोंगडी नेणं शक्य नाही, ती पाणी पिऊन जड होते. पण त्यातून घ्यायचा धडा सोपा आहे: ऊब देणारी जी एक वस्तू नेणार ती लोकरीची किंवा फ्लीसची (लोकरीसारख्या मऊ सिंथेटिक कापडाची) असावी. आणि लोकरीची कानटोपी. माकडटोपी असेल तर आणखी उत्तम, फोटोत कशी दिसते याची चिंता करू नका.

बुटांचे तळवे मऊ रबराचे आणि खोल खाचांचे हवेत. 'वॉटरप्रूफ' बूट या वाटेवर उपयोगी नाहीत. पाणी वरून, घोट्यातून शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. जाळीदार बूट भिजतात, पण निथळतातही. निघताना पायांना, बोटांच्या बेचक्यांत, जांघांत आणि काखेत व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चोपडून घ्या. ओल्या कपड्याने जांघा घासल्या गेल्या की तोरण्याची शेवटची उतरण पाय फाकवून उतरावी लागते.

सॅक कशी भरायची

रेनकव्हरवर विश्वास ठेवू नका. पाणी पाठीकडून आत येतं, जिथे कव्हर नसतंच. सॅकच्या आत आधी एक मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी उघडून बसवा (कचऱ्याची मोठी काळी पिशवी उत्तम), आणि सगळं सामान त्यात भरून तोंड पिळून बांधा.

तळाशी कोरडा संच: टी-शर्ट, पॅन्ट, अंतर्वस्त्रं, मोजे, हे सगळं पुन्हा वेगळ्या पिशवीत. या संचाचा नियम एकच. तो वेल्ह्यात पोचल्यावर उघडायचा, किंवा कुणी गारठलं तर. 'जरा ओलं वाटतंय' म्हणून दुपारी बदलायचा नाही. बदललात तर दहा मिनिटांत तोही ओला आणि मग हातात काहीच उरत नाही. दिवसभर ओल्याच कपड्यात चालायचं, हे मनाशी पक्कं करा. चालता माणूस ओला असला तरी गरम राहतो.

सगळ्यात वर, चटकन हाती येईल असं, छोट्या पिशवीत फ्लीस आणि कानटोपी. बाजूच्या कप्प्यात खाऊ. गटात मिळून दोन बाय तीन मीटरची एक प्लास्टिकची ताडपत्री, दोन चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट, एक थर्मास, क्रेप बँडेज आणि मलमपट्टी. प्रत्येकाकडे हेडटॉर्च आणि शिट्टी. मोबाईलच्या टॉर्चवर विसंबू नये, पावसात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. मोबाईल झिपच्या पिशवीत, फ्लाइट मोडवर, वाटेचा जीपीएस ट्रॅक आधीच उतरवून घेतलेला. पॉवर बँकही तशाच पिशवीत.

खाऊ असा हवा की भर पावसात, चालता चालता, एका हाताने तोंडात टाकता येईल. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, आलेपाक, गूळ-शेंगदाणे. जरा थांबून खायला दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, त्या ओल्या हवेतही टिकतात. भडंग आणि बाकरवडी घरीच बरी, वरच्या दमट हवेत दहा मिनिटांत मऊ पडते.

सकाळी सहा: गुंजवणे

आदल्या रात्रीचे ओले कपडे सुकलेले नसणार. तेच घाला. होय, तेच थंडगार, ओले. पहिली पाच मिनिटं शिव्या सुचतील, पण चढ लागला की विसराल. आदल्या दिवशीच्या बुटांत रात्री जुनी वर्तमानपत्रं कोंबून ठेवली असतील तर बूट बरेच बरे झालेले असतील. बूट चुलीजवळ ठेवायचा मोह टाळा, तळव्याचा डिंक सुटतो आणि राजगडाच्या संजीवनी माचीवर बुटाचा तळ 'आ' वासतो.

निघण्याआधी घरच्या मावशींना किंवा मामांना विचारा: रात्री पाऊस कसा होता, ओढ्याला पाणी किती, काल वरून कुणी आलं का, धारेवरून तोरण्याला कुणी गेलं का. 'आज नका जाऊ' असं त्यांनी म्हटलं तर नका जाऊ. त्यावर वाद घालणारे शहरी लोक मी पाहिलेत, आणि गावकरी मग नुसते हसून गप्प बसतात. पुण्यात कुणाला तरी तुमचा बेत, गटातली नावं आणि 'रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं' हे लिहून कळवा.

पोटभर खाऊन निघा. पोहे किंवा भाकरी-पिठलं, जे मिळेल ते. थर्मासमध्ये गरम पाणी भरून, त्यात गूळ आणि सुंठ. पावसात तहान लागत नाही म्हणून माणसं पाणी पीत नाहीत आणि दुपारी पायांत गोळे यायला लागतात. दोन लिटर सोबत हवंच, आणि ते संपायलाही हवं. लघवी तुंबवून ठेवू नका. रेनकोट, पॅन्ट, सगळं ओलं असताना हा व्याप नको वाटतो, विशेषतः मुलींना, आणि म्हणून पाणी कमी प्यायलं जातं. गटानेच दर दीड-दोन तासांनी पाच मिनिटांचा थांबा ठरवून टाकला की कुणाला अवघडायला होत नाही.

सहा ते नऊ: पद्मावती माचीपर्यंत

गुंजवण्याकडून चोर दरवाजाने चढताना जंगल आणि डोंगराचा आडोसा असतो, वारा कमी. इथे रेनकोटची चेन उघडी ठेवा, टोपी काढा, जमलं तर पहिल्या तासात रेनकोट घालूच नका. घामाने चिंब होण्यापेक्षा पावसाने भिजलेलं बरं. चालीचा वेग असा ठेवा की शेजारच्याशी सलग वाक्य बोलता येईल. धापा टाकत वर पोचणारा माणूस माचीवर वाऱ्यात उभा राहतो, तेव्हा दहा मिनिटांत दात वाजायला लागतात.

शेवटच्या टप्प्यात रेलिंगला धरून चढायचंय. त्याच्या अलीकडे, आडोसा संपण्याआधी, थांबा: रेनकोट बंद, टोपी घट्ट, तोंडात चिक्की. हा या दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा धडा म्हणा हवं तर. कपडे वाऱ्यात पोचल्यावर नव्हे, पोचण्याआधी चढवायचे. बोटं गारठली की चेनसुद्धा लावता येत नाही.

बालेकिल्ला आणि सुवेळा माची आज सोडून द्या. बालेकिल्ल्याचा कातळ ओला असताना तसाही वेळ खातो, आणि तो वेळ तुम्हाला संध्याकाळी तोरण्यावर हवाय. पद्मावती माचीवर मंदिराच्या आडोशाला दहा मिनिटं. बसायचं असेल तर थंड दगडावर थेट नाही, सॅकवर बसा. नऊ वाजून गेले असतील, किंवा गटातलं कुणी आत्ताच गप्प गप्प झालं असेल, तर इथून पाली दरवाजाने वाजेघरकडे उतरा. ती वाट रुंद आणि पायऱ्यांची, या दिवसातला पहिला सुटकेचा मार्ग.

संजीवनी माची आणि तोंडावरचा वारा

संजीवनी माची पश्चिमेकडे झेपावते, आणि पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे राजगडाकडून तोरण्याकडे जाताना वारा जवळजवळ सबंध दिवस समोरून किंवा डाव्या गालावर. कुणी विचारेल, मग उलट का जाऊ नये, तोरण्याकडून राजगडाकडे, वारा पाठीवर घेऊन? प्रश्न रास्त आहे. पण उलट जाताना तोरण्याच्या बुधला माचीचा ओला कातळ उतरावा लागतो, आणि ओला कातळ उतरण्यापेक्षा चढणं केव्हाही बरं. मी वाऱ्याचा त्रास घेईन.

माचीवरून अळू दरवाजाने खाली उतरायचं. तटावर चढून धुक्यात फोटो काढायची ही जागा नाही. वारा एका झोताने येतो, क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणी वाऱ्यावर रेललेला माणूस दुसरीकडे झुकतो. झोत असेल तर गुडघे वाकवून, खाली बसून, तो जाऊ द्या.

उतरणीवर पाय कुठे टाकायचा? शेवाळाचा हिरवट-काळा कातळ टाळा, त्यावर कुठलाच बूट टिकत नाही. गवताच्या बुंध्याशी, खडबडीत दगडावर, बारीक खडीवर पाय टाका. तांबडी माती उतरताना पाऊल आडवं, पावलं छोटी. काठी असेल तर एकच ठेवा, दुसरा हात धरायला मोकळा हवा. पुढच्या माणसाच्या ठीक वर, घसरलो तर त्याच्यावरच जाऊ अशा जागी, कुणी उभं राहू नये.

बाराच्या आत: भुतोंडे खिंड

धारेने चालत तुम्ही भुतोंडे खिंडीत येता. इथे डांबरी रस्ता धार ओलांडतो. धुक्यातून एकदम डांबर समोर आलं की सगळ्यांना जरा हसूच येतं. पण संपूर्ण दिवसाचा निर्णय इथे घ्यायचाय, आणि तो हसण्याच्या भरात नको.

पश्चिमेला तोंड करून उभं राहिलात तर उजवीकडे, उत्तरेला, रस्ता वेल्ह्याकडे उतरतो. डावीकडे भुतोंडे गाव आणि भाटघर धरणाचं पाणी. धुक्यात डावी-उजवी चुकवू नका, नाहीतर संध्याकाळी भलत्याच खोऱ्यात उभे राहाल.

दुपारी बाराच्या आत इथे पोचलात, सगळ्यांचे पाय ठीक आहेत, सगळे बोलताहेत, खाताहेत, आणि पाऊस वाढत नाहीये, तर पुढे. यातलं एक जरी 'नाही' असेल तर रस्त्याने वेल्हे. साडेबारा वाजलेत पण सगळे ताजेतवाने आहेत, मग? तरीही रस्ता. या पुढे तोरण्याच्या माथ्यापर्यंत आणि तिथून वेल्ह्यात उतरेपर्यंत सोपी पळवाट नाही. जुलैत सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो, पण दाट धुक्यात सहालाच दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. उलट हिशेब करा: सहा-साडेसहाला वेल्हे, म्हणजे चारला तोरण्याचा माथा, म्हणजे तीनला बुधला. त्यात खिंडीतून बाराला निघालेल्या माणसाकडे गमवायला फारसा वेळ नाही.

निर्णय मतदानाने घेऊ नका. बहुमत नेहमी पुढे जायचंच म्हणतं, कारण दमलेला माणूस आपण दमलोय हे कबूल करत नाही. गटात सगळ्यात मागे चालणाऱ्याला विचारा, तेही बाजूला नेऊन. त्याचं मत तेच गटाचं मत.

खिंड ते बुधला: धुकं आणि कातळ

थांबे इथून पाच मिनिटांचे, उभ्या उभ्या. दर पाऊण तासाने काहीतरी तोंडात. भूक लागायची वाट पाहू नका. अंगात साखर असेल तोवरच अंग कुडकुडून ऊब तयार करू शकतं.

धुक्यात पुढचा आणि मागचा माणूस दिसलाच पाहिजे. दिसेनासा झाला की पुढच्याने थांबायचं. वाट हरवल्याची शंका आली तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या, आणि मग ट्रॅक पाहा. 'खाली उतरत गेलो की गाव लागेल' हा विचार सह्याद्रीत फसतो. खाली कडा लागतो. आडवाटेने खाली उतरणाऱ्या ओढ्याच्या पात्रात तर मुळीच शिरू नका.

विजांचं म्हणाल, तर जुलै-ऑगस्टच्या संततधारेत त्या कमी असतात. जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात जास्त. गडगडाट ऐकू आला तर धारेच्या माथ्यावरून बाजूला, खाली, आणि एकमेकांपासून अंतर ठेवून बसायचं. सुळक्याच्या पायथ्याशी किंवा एकट्या झाडाखाली नाही.

बुधला माचीवर चढताना शेवटचा टप्पा खडा आहे. इथे घाई करणारे ट्रेकर मागच्यांवर दगड पाडतात. एका वेळी एकानेच चढायचं, बाकीच्यांनी बाजूला आडोशाला, पाय हलवत राहायचं. पहिला वर पोचला की त्याने तिथेच वाऱ्यात उभं राहून हाका मारत बसू नये. सॅकमधून फ्लीस काढून रेनकोटच्या आत चढवावी. फ्लीससाठी हीच ती वेळ.

कुणी गारठलं तर

हे वाचून विसरू नका. गारठणाऱ्याला स्वतःला कळत नाही, ते सोबत्यांनीच ओळखायचं असतं.

सुरुवात साधी असते. बडबड्या माणूस गप्प होतो. चिडतो. 'मला काही झालेलं नाही' असं जरा जास्तच ठासून सांगतो. मग सपाट वाटेवर अडखळतो, चिक्कीचा कागद उघडता येत नाही, बोलणं जड होतं. सोपी परीक्षा: अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवायला सांगा, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगा. नाही जमलं तर 'चल, अजून थोडंच राहिलंय' हे वाक्य तोंडातून काढू नका. थांबा.

आडोसा शोधा. मोठ्या दगडाची वारा न लागणारी बाजू, तटाची भिंत, काहीही. सगळा गट जवळ जवळ बसवून वरून ताडपत्री ओढा, कडा पायाखाली दाबा. आत पाच-सहा माणसांच्या उबेने काही मिनिटांतच फरक जाणवतो. खाली सॅक अंथरा, कारण जमीन हवेपेक्षा जास्त ऊब खाते. आता त्याचा कोरडा संच उघडायचा. ओलं सगळं काढा, अंग पुसून कोरडं घाला, कानटोपी, फ्लीस, वरून इमर्जन्सी ब्लँकेट, त्यावर रेनकोट. दोन्ही बाजूंनी दोन माणसं चिकटून.

शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गुळाचं पाणी, थोडं थोडं. खाऊ द्या. दारू कधीच नाही. रमचा घोट घेतला की गरम वाटतं, कारण कातडीकडे रक्त धावतं आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. हातपाय जोरात चोळू नका, शेकू नका. गरम पाण्याची बाटली असेल तर कापडात गुंडाळून काखेत किंवा छातीशी, उघड्या कातडीला नाही.

कुडकुडणं हे चांगलं लक्षण, शरीर झुंजतंय. अंग गरम न होताच कुडकुडणं थांबलं, झोप यायला लागली, बोलणं असंबद्ध झालं, किंवा 'गरम होतंय' म्हणत तो कपडे काढू लागला, तर अवस्था गंभीर आहे. त्याला चालवू नका. आडवं ठेवा, हळुवार हाताळा, आणि मदत मागवा. ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर निघण्याआधीच प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. धारेवर काही जागी रेंज मिळते, काही जागी मुळीच नाही. तेव्हा दोघांनी मिळून, ठिकाण कागदावर लिहून घेऊन, खाली जायचं. शिट्टीचा संकेत: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा.

सौम्य लक्षणं असतील, आणि अर्ध्या तासात माणूस नीट बोलायला, खायला लागला, तर चालू शकतो. पण आता वाटेचं नेतृत्व त्याच्या पावलांकडे, आणि जवळच्या गावाकडे.

ओढ्यांचं थोडक्यात

धारेवर ओढे फारसे आडवे येत नाहीत, गाठ पडते ती पहिल्या दिवशीच्या वावरांत आणि खाली उतरताना. गुडघ्याच्या वर आणि गढूळ, वेगाने वाहणारं पाणी असेल तर ओलांडू नका. सह्याद्रीतले ओढे पाऊस थांबला की तासा-दोन तासांत उतरतात, थांबून राहणं हाच उपाय. ओलांडायचंच तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडून, बूट घालूनच, रुंद आणि उथळ जागी, तोंड प्रवाहाकडे करून, काठी टेकत. अंगाला दोर बांधून नको. पाणी अचानक गढूळ झालं किंवा पाचोळा वाहत आला की वर कुठेतरी कोसळलंय, तडक काठावर.

तोरण्यावरून खाली, आणि घरी

मेंगाई देवीच्या मंदिरापाशी माणसं सैलावतात. इथे सगळे फोटो काढतात, बूट काढतात, आणि इथेच गारठतात. दहा मिनिटांत, उरलेलं गरम पाणी संपवून, बिनी दरवाजाने निघा. अजून दोन तासांची उतरण आहे, आणि दिवसातल्या घसरण्या बहुतेक याच टप्प्यात होतात, कारण मन वेल्ह्यातल्या चहापाशी पोचलेलं असतं. हेडटॉर्च सॅकच्या तळात नको, कपाळावर हवा, उजेड असला तरी.

वेल्ह्यात आधी कपडे बदला, मग चहा. उलट क्रमाने केलंत तर चहा पिता पिताच कापायला लागाल. पुण्याला परत नसरापूरमार्गे साठ-पासष्ट किलोमीटर आहे; एसटीची शेवटची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा, नाहीतर गावात गाडी ठरवून या. बाइक गुंजवण्यात ठेवून हा ट्रेक करणाऱ्यांचा मला कधी उलगडा होत नाही. बारा तास भिजून, रात्री, पावसात, ताशी पन्नासच्या वेगाने वारा अंगावर घेत महामार्गावर दुचाकी हाकणं हे बुधल्याच्या कातळापेक्षा धोक्याचं आहे. दमलेल्या, गारठलेल्या माणसाचा ब्रेक उशिरा लागतो.

घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून नीट पाहा. चिखलात, वावरांत चालताना खरचटलेलं असतं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांकडे जा आणि 'मी ओढ्याच्या, शेताच्या पाण्यातून चाललो होतो' हे न विसरता सांगा. लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची, शंका त्यांना वेळेत यायला हवी. ताडपत्री उघडून वाळवा, प्लास्टिकची काळी पिशवी उलटी करून दोरीवर टाका, आणि फ्लीस धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने ती पाणी जास्त धरते.